ओंजळभर ब्लूबेरी

"हात काढ तिथून. हे तुमच्याकडचं रान नाही, ओरबाडायला."

काकांनी माझ्या मनगटावर चापट मारली. सगळ्यांसमोर. ओंजळीतल्या ब्लूबेरी मातीत पडल्या. काका म्हणजे आमच्या हायकिंग ग्रुपचे म्होरके, रिटायर्ड सर्जन. ॲन आर्बरहून दिवसभर ड्राइव्ह करून आम्ही मिशिगनच्या उत्तरेकडच्या या राखीव जंगलात आलो होतो. कोणी हसलं, कोणी दुसरीकडे बघितलं.

पुढच्याच वळणावर एक गोरं कुटुंब झुडपांत बसून बादलीत ब्लूबेरी तोडत होतं. काकांनी त्यांना हसून हात केला. शेजारी पाटी होती. खाण्यापुरती फळं तोडायला परवानगी होती. सगळ्यांना.

हेवा वाटला. हेवा कसला, जळलोच मी. त्यांच्या पोरीचं जांभळं झालेलं तोंड बघून जळलो. तिची आई तिला सांगत होती, थोडी अस्वलांना ठेव. माझी मायही हेच सांगायची. आम्ही कोरकू आदिवासी. आमचं गाव व्याघ्र प्रकल्पात आहे. मोहफुलं वेचताना माय थोडी झाडाखाली सोडायची, अस्वलाचा वाटा म्हणून. एकदा फॉरेस्ट गार्डने तिची टोपली लाथेने उडवली. तिला चोर म्हणाला. मी तिचा पदर धरून उभा होतो.

जेवताना काका म्हणाले, जंगल असं हवं, माणसं नकोत. आपल्याकडेही व्याघ्र प्रकल्पातली ती गावं एकदाची उठवायला हवीत. पराठे खाता खाता सगळ्यांनी माना डोलावल्या. वनखात्याचे लोक आमच्याच गावाला उठायला सांगताहेत. ग्रामसभेचा होकार मागताहेत. माय फोनवर विचारायची, काय करू? मी उत्तर टाळायचो. सुट्टी, व्हिसा, परत येताना लागणारं त्याचं स्टॅम्पिंग, सतरा भानगडी.

मी डबा बंद केला.

"काका, त्यातलं एक गाव माझं आहे."

ते गडबडले. "अरे, पण तू सेटल झालास ना? त्यांचंही भलंच होईल."

"माझी माय तिथेच राहील. अस्वलही राहील."

मी उठून एकटाच पार्किंगकडे निघालो. रेंज आल्याबरोबर मायला फोन लावला. म्हटलं, हो म्हणू नको. मी येतोय, ग्रामसभेत तुझ्या शेजारी बसणार. ती म्हणाली, तुझी नोकरी जाईल, बाबा.

जाऊ दे. व्हिसा अडकला तर अडकू दे. हेवा पुष्कळ करून झाला. आता जागा सोडणार नाही.