तिला भेटली ती मी नव्हते

इथे सिंगापूरमध्ये मी काही वर्षं फोनवरून इंग्रजी शिकवत होते. शिकणारे सगळे कोरियात असायचे. रोज ठरलेल्या वेळी आमच्या ऑफिसमधून त्यांना फोन जायचा, आणि ते आपापल्या घरात, गाडीत किंवा ऑफिसच्या जिन्यात उभं राहून माझ्याशी इंग्रजीत बोलायचे. ऑफिस तोआ पायोहला होतं, दुकानांच्या वरच्या मजल्यावर. आत काचेच्या छोट्या खोल्या होत्या आणि प्रत्येक खोलीत एक शिक्षिका कानाला हेडफोन लावून बसलेली.

त्याआधी पुण्यात मी कॉलेजात इंग्रजीच शिकवत होते. नवऱ्याला इथे नोकरी मिळाली, त्याच्या पासवर, म्हणजे कामाच्या परवान्यावर, मी आणि मुलगी आलो. सेंगकांगच्या फ्लॅटमध्ये वर्षभर घरी बसून काढल्यावर ही जाहिरात दिसली. मुलाखतीला मॅनेजर होत्या, इथल्याच, चिनी, माझ्याच वयाच्या. त्यांनी माझ्या पदव्या बाजूला सारल्या, खुर्ची फिरवून माझ्याकडे पाठ केली आणि म्हणाल्या, "आता वाच." मी एक उतारा वाचला. त्या परत वळल्या.

"आवाज चालेल. इंडियन आहे असं लगेच कळत नाही. फोनवर चेहरा कुठे दिसतो लाह!" इथे बोलताना वाक्याच्या शेवटी असा 'लाह' लावतात.

मग त्यांनी मला एक इंग्रजी नाव दिलं. विद्यार्थ्यांना सांगायचं की टीचर सिंगापूरला राहते, मूळची कुठली ते सांगायचं नाही. कुणी विचारलंच तर हसून पुढचा प्रश्न घ्यायचा. ते नाव मी इथे लिहीत नाही. ते माझं नव्हतंच.

हळूहळू जमलं. 'व्ही' आणि 'डब्ल्यू' वेगळे काढायला मी घरी आरशासमोर ओठ बघून शिकले. मुलगी म्हणायची, "आई, तू घरी पण तसंच बोलतेस, सो वियर्ड लाह."

माझ्या सकाळच्या पहिल्या विद्यार्थिनी साठीच्या पुढच्या होत्या. समुद्राकाठच्या एका गावात एकट्या राहायच्या. मुलगा कॅनडात, नातीला कोरियन येत नव्हतं, आणि आजीला इंग्रजी. "नात स्क्रीनवर येते, मी फक्त हात हलवते," असं त्यांनी मला पहिल्या आठवड्यात मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगितलं. त्यांच्यासाठी पुस्तकातले धडे मी बाजूला ठेवले. नातीला काय विचारायचं, ती काय उत्तर देईल, त्यावर आजीने काय म्हणायचं, हे आम्ही रोज घोकायचो. 'आर' आणि 'एल' त्यांच्या तोंडात एकच व्हायचे. राइस म्हणताना लाइस, म्हणजे उवा, व्हायच्या आणि आम्ही दोघी पोट धरून हसायचो.

थंडीच्या तोंडावर त्या शेजारणींबरोबर किमची, म्हणजे कोबीचं तिखट लोणचं, घालायच्या. मिरचीने हातांची आग होते म्हणून सांगायच्या. मला सांगावंसं वाटायचं, आमच्याकडे मिरच्यांचं लोणचं घालताना अगदी असंच होतं. पण आमच्याकडे म्हणजे कुठे, हा प्रश्न आला असता. मी म्हणायचे, "अरे बापरे, हातमोजे घाला."

एका उन्हाळ्यात पुण्यात माझी आई गेली. मी घाईने गेले, दिवस करून परत आले. ऑफिसने सगळ्यांना कळवलं होतं की टीचर सुट्टीवर आहे. पहिल्याच सकाळी त्यांनी उत्साहाने विचारलं, "सुट्टी मजेत?"

मला खोटं बोलवलं नाही. म्हटलं, "माझी आई वारली."

त्या आपल्या भाषेत काहीतरी पुटपुटल्या, आणि इंग्रजीत म्हणाल्या, "टीचर, तू भात खाल्ला? आज खा. रडायचं, पण खायचं." त्या दिवशी आम्ही काही शिकलो नाही. त्यांनी त्यांच्या आईबद्दल सांगितलं, मी माझ्या आईबद्दल. कोणत्या गावची ते सोडून बाकी सगळं सांगितलं. सिंगापूरमध्ये माझ्या आईबद्दल इतका वेळ कुणी ऐकून घेतलं नव्हतं.

पुढच्या वर्षी आजींचा फोन मॅनेजरकडे आला. त्या गावातल्या बायकांच्या सहलीबरोबर सिंगापूरला येत होत्या आणि त्यांना टीचरला भेटायचं होतं. मॅनेजरनी मला आत बोलावलं.

"तू नाही जाऊ शकत," त्या म्हणाल्या.

"का?"

"का म्हणजे काय? टीचर इंडियन आहे म्हणून ती परत गेल्यावर सगळ्यांना सांगेल."

आमच्या शिक्षिकांत एक ऑस्ट्रेलियन मुलगी होती. गोरी, उंच, पंचविशीची. मित्राबरोबर फिरायला आली आणि इथेच राहिली. ती माझं ऑफिसातलं नाव सांगून जाणार होती, आणि तिला तयार करायचं काम माझ्याकडे दिलं. मी म्हटलं, "मी हे करणार नाही."

"मग दुसरी कुणीतरी करेल," मॅनेजर शांतपणे म्हणाल्या. "आणि तुझ्या कामाच्या परवानगीचं पत्र आम्हीच देतो, हे विसरू नकोस."

घरी नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "अगं, एका जेवणाचा तर प्रश्न आहे. एवढं काय मनाला लावून घेतेस?" त्याचा पास पुढच्याच महिन्यात संपत होता आणि नवा होईल की नाही ते कळत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी खाली हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या टपऱ्यांपाशी, कॉफी घेत मी त्या मुलीला सगळं सांगितलं. नात किती वर्षांची आहे, आजींचा गुडघा कोणता दुखतो, शेजारीण कशी भांडकुदळ आहे. शेवटी आईचंही सांगावं लागलं, कारण त्या नक्की विचारणार होत्या. मुलगी ऐकताना अवघडून गेली. "माझी आई ठणठणीत आहे," ती हळूच म्हणाली.

भेट एका हॉटेलच्या लॉबीत झाली. मी त्या वेळी काचेच्या खोलीत बसून एका कंपनीतल्या माणसाला भूतकाळ शिकवत होते.

संध्याकाळी ती मुलगी परत आली तेव्हा तिचे डोळे लाल होते. "त्यांनी माझे दोन्ही हात धरले," ती म्हणाली. "तुझ्या आईसाठी रडल्या. मला कुठे बघावं तेच कळेना. आय अ‍ॅम सॉरी." पर्सिमन नावाचं टोमॅटोसारखं दिसणारं एक केशरी फळ असतं. ते सोलून, दोरीला टांगून वाळवतात. आजींनी घरी वाळवलेल्या त्या फळांचा डबा टीचरसाठी आणला होता. मी तास संपवून बाहेर येईपर्यंत मॅनेजरनी तो ऑफिसभर फिरवला होता. तळाशी दोन राहिली होती. ती मी घरी नेली नाही.

आजी गावी परतल्या आणि आमचे तास पुन्हा सुरू झाले. पहिल्या सकाळी म्हणाल्या, "टीचर, तू खूप सुंदर. आणि किती तरुण!" मी थँक यू म्हटलं. पण राइस म्हणताना त्या पूर्वीसारख्या हसल्या नाहीत. दोन-तीन दिवसांनी त्यांनी मध्येच मला थांबवलं.

"तू कोण?"

"मी तुमची टीचर."

"नाही. टीचरचा आवाज असा नाही. मी तिला भेटले. ती कुठे गेली?"

"मीच आहे," मी म्हटलं. "राइस आणि लाइस आठवतं? तुम्ही मला भात खायला सांगितलं होतं, ती मीच."

"खोटं बोलू नको," त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज घाबरल्यासारखा झाला होता. "तिच्या आईची गोष्ट तुला कोणी सांगितली?"

माझं खरं नाव माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. काचेपलीकडे मॅनेजर उभ्या होत्या. मी ते बोलायच्या आत आजींनी फोन ठेवला होता.

दुपारी मॅनेजर म्हणाल्या, "तिला खरी टीचर हवी आहे." त्यांना यात विचित्र काही वाटत नव्हतं. सकाळचा तास ऑस्ट्रेलियन मुलीकडे गेला. तिच्याबरोबर ते नावही गेलं, कारण आजी त्याच नावाने हाक मारणार. मला दुसरं नाव मिळालं आणि नोकरीच्या मुलाखतीची तयारी करणारा एक कॉलेजचा विद्यार्थी.

मी त्यानंतरही ते काम सोडलं नाही. नवऱ्याचा पास नवा झाला, तरीही नाही. का, ते मला आजही नीट सांगता येत नाही. बहुधा घरी बसण्याची भीती जास्त होती.

ऑस्ट्रेलियन मुलगी मायदेशी परत जाण्याच्या आधी आम्ही एकदा लिफ्टपाशी भेटलो. मी विचारलं, "आजी कशा आहेत?"

"मस्त!" ती म्हणाली. "नातीशी आता अर्धा-अर्धा तास बोलतात. तुला माहितीये, त्यांचा पाया फार पक्का आहे. मला काही करावंच लागत नाही."

लिफ्ट आली. आम्ही दोघी आत शिरलो. मला आनंद व्हायला हवा होता. तो झाला नाही.