दादा तिकडेच म्हातारा झाला

वांजिरूचा फोन आला तेव्हा सकाळचे साडेनऊ वाजले होते, म्हणजे केनियात सात. एरवी तिचा फोन दुपारी यायचा, दादा जेवून उठला की. स्क्रीनवर तिचं नाव दिसलं आणि मी चहाचा कप खाली ठेवला. "काका, दादा गेला," ती म्हणाली. "सकाली. झोपेतच. तरास न्हाय झाला त्याला." माझा थोरला भाऊ नारायण गेल्याची बातमी मला अशी मराठीत कळली. सांगणाऱ्या बाईने तोवर महाराष्ट्र पाहिलाही नव्हता. थिका नावाच्या गावात जन्मलेली ही बाई. तिला इंग्रजी येतं, स्वाहिली येतं, तिची घरची भाषा येते, आणि चौथी येते ती आमच्या गणेशपुरी रस्त्यावरच्या गावची मराठी, 'हाय-न्हाय'वाली. मी चाळीस वर्षं शाळेत मराठी शिकवून स्वतःच्या तोंडातून जी पुसून टाकली, ती दादाने साता समुद्रापलीकडे जाऊन एका परक्या मुलखातल्या बाईच्या तोंडात ठेवली होती. दुःख होत असतानाही मला त्या 'न्हाय'चं हसू आलं. ती फोनवर रडत होती आणि मी हसत-रडत होतो…

या गोष्टीला दीड महिना झाला. भेटायला आलेल्या बहुतेकांनी एकच वाक्य वेगवेगळ्या तऱ्हेने म्हटलं: बिचारा परदेशात एकटा गेला. सुरुवातीला मी मान हलवत होतो. नंतर मात्र सांगायला लागलो, की बिचारा नव्हता आणि एकटा तर नव्हताच. हे लिहायला बसलो तेही तेवढ्यासाठीच.

आमचे वडील भातशेतीवर भागत नाही म्हणून भिवंडीत कामतघरच्या लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, कामाला आले. दादा पंधराव्या वर्षी त्यांच्यामागून त्याच शेडमध्ये शिरला. मी त्याच्याहून सहा वर्षांनी लहान. मला लूमचा आवाज अजिबात सहन व्हायचा नाही, म्हणून मी पुस्तकात डोकं घातलं आणि पुढे मास्तर झालो. दादा जॉबर झाला. जॉबर म्हणजे लूम बिघडला की ज्याला हाक मारतात तो माणूस. तिशी ओलांडल्यावर केनियातल्या एका कापड गिरणीसाठी माणसं हवीत असं त्याला कळलं आणि तो आणि सुलभावहिनी निघून गेले. तीन वर्षांसाठी जातो म्हणाला होता. दर दोन वर्षांनी महिनाभर यायचा. येताना चहाची पुडकी आणायचा आणि तिथले शब्द आणायचा. "बाल्या, ते लोक बी चपाती म्हणतात, चाय म्हणतात, दुकानाला दुका म्हणतात. मी उपाशी कसा मरन?" कारागिराला तिकडे 'फुंदी' म्हणतात. गिरणीत सगळे त्याला फुंदीच म्हणायचे, आणि पुढे केस पिकल्यावर 'म्झे' म्हणू लागले. म्हणजे वडीलधारा. त्या दोन शब्दांचा त्याला केवढा अभिमान होता हे मला फार उशिरा कळलं.

मग ती गिरणी बंद पडली, आणि पाठोपाठ वहिनी गेल्या. त्यांना मूलबाळ नव्हतं. दादा पासष्ट वर्षांचा झाला होता. आता तिकडे कुणाच्या आधाराने राहणार, असा मी फोनवर धोशाच लावला. घरावर त्याच्यासाठी मजला चढवला. बाथरूममध्ये धरायला दांडा बसवला, जिन्याच्या पायऱ्या मुद्दाम बुटक्या केल्या. दादा कायमचा परत आला, आणि मला वाटलं, आयुष्यातलं एक मोठं काम झालं.

ते सात महिने आठवले की अजूनही ओशाळायला होतं. आम्ही त्याला फार जपलं. पिशवी उचलू द्यायचो नाही, नळाचा वायसर बदलू द्यायचो नाही. कानांनी त्याला आधीच दगा दिला होता. पन्नास वर्षं लूमच्या आवाजात काढलेला माणूस तो. जेवताना गप्पा व्हायच्या आणि तो आमच्या ओठांकडे बघत बसायचा. गल्लीत त्याला 'आफ्रिकावाले काका' म्हणायचे, नाव कुणाला ठाऊक नव्हतं. रोज सकाळी तो रिक्षाने कामतघरला जायचा. तिथे त्याच्या बरोबरीचे सलीमभाई एवढे एकच उरले होते, तेही त्याच्यासारखेच जॉबर. जुने लूम निघत होते, त्यांच्या जागी नवी यंत्रं येत होती, काही शेड तर मोकळ्या होऊन गोदामं झाली होती. एके दिवशी दादा परत आला तो हाताला लोखंडाचा गंज लागलेला. सलीमभाईंच्या शेजारच्या शेडमधले बारा लूम घणाने फोडून भंगारात नेले होते. तो उभा राहून बघत होता.

आठवड्याने त्याने सांगितलं, "बाल्या, मी जातो."

"कुठे?"

"घरी."

मला तो शब्द फार लागला. मी आवाज चढवला. "हे घर नाही? तिथे कोण आहे तुझं? उद्या पडलास-झडलास तर पाणी कोण देईल?"

तो माझ्या ओठांकडे बघत होता. त्याने सगळं नीट ऐकून घेतलं. मग म्हणाला, "इथं तुम्ही मला लय जपता. तिथं मला इचारतात. 'फुंदी, हे कसं करायचं?' असं कुणीतरी रोज इचारतं. मला अजून म्हातारा व्हायचाय रे, पण असा खुर्चीत बसून न्हाय."

मी त्याला विमानतळावर सोडायलाही गेलो नाही. जवळजवळ वर्षभर बोललो नाही. तो मेसेज पाठवायचा, मी वाचून ठेवून द्यायचो. माझ्या मनाने पक्कं धरलं होतं, की भावाने आम्हाला नाकारलं.

त्याच वर्षात तिकडे काय चाललं होतं हे मला नंतर वांजिरूने सांगितलं. ती गिरणीत झाडलोटीला होती. दादा बिघडलेल्या लूमला मराठीतून शिव्या घालायचा, त्या ऐकता ऐकता तिने आधी शिव्या उचलल्या, मग भाषा, आणि शेवटी कामही. गिरणी बंद झाल्यावर ती आणि आणखी काही बायका रिकाम्या बसल्या होत्या. परत आल्यावर दादा त्यांना म्हणाला, आपण आपला कारखाना टाकू, शाळेच्या गणवेशाचं कापड विणू. जागा मिळाली, सूत मिळालं. लूम नव्हते. आणि इकडे भिवंडीत लूम घणाखाली जात होते.

म्हणून दादाने मला व्हिडिओ कॉल केला. नेमका मी उचलला. इकडचं-तिकडचं काही न बोलता तो म्हणाला, "बाल्या, मला सहा लूम निवडून दे. सलीमला घेऊन जा." मला? ज्याने जन्मात लूमला हात लावला नव्हता? नाही म्हणायला तोंड उघडलं, आणि स्क्रीनवरचा त्याचा चेहरा दिसला. सात महिने आमच्या घरात हा चेहरा मी पाहिलाच नव्हता. डोळे कसे लकलकत होते!

पुढचे तीन आठवडे मी कामतघरच्या शेडमधून फिरलो. सलीमभाई लूम चालू करायचे आणि मी फोन धरायचो. आता गंमत अशी, की दादाला फोनवर आवाज धड ऐकू यायचा नाही. तो म्हणायचा, "तू सांग कसा वाजतो ते." मग निवृत्त मास्तर भर शेडमध्ये तोंड वासून वाजायला लागायचा. खट-खटाक! खट-खटाक! दादा माझे ओठ बघायचा. "दुसरा खटाक लांबतोय का?" मी म्हणायचो, जरासा. "मंग धोटा अडकतोय. सोडून दे त्याला, पुढचा बघ." धोटा म्हणजे सूत घेऊन इकडून तिकडे धावणारा लाकडी तुकडा. सलीमभाई पोट धरून हसायचे. "मास्टरजी, पचास साल में पहली बार देखा, लूम आदमी की आवाज में बात कर रहा है!" पण चौथ्या-पाचव्या दिवशी मला आपोआप कळायला लागलं. कुठला लूम सुरात आहे, कुठला धापा टाकतोय, ते दादाने विचारायच्या आधी मी सांगायला लागलो. ज्या आवाजापासून आयुष्यभर पळालो, त्यात एवढं ऐकण्यासारखं होतं…

सहा लूम काल्हेरच्या एका गोदामात सुटे करून, तेल लावून, लाकडी पेट्यांत भरले. परवान्यांचे कागद, त्यांवरचे शिक्के, पुन्हा नवे कागद असं करता करता पावसाळा संपला. पेट्यांचा ट्रक बंदराकडे निघाला तेव्हा सलीमभाईंनी मागच्या फळीवर थाप मारली आणि म्हणाले, "जाओ, नारायण के पास जाओ." मी घरी येऊन पत्नीला सांगितलं, मला पासपोर्ट काढायचाय. साठी उलटल्यावरचा माझा पहिला पासपोर्ट.

थिका हे नैरोबीपासून तासाभरावरचं गाव. वाटेत अननसाची लांबच लांब शेतं. हवेत सकाळी गारवा. मी मनात धरून गेलो होतो की भाऊ कुठल्या तरी खोलीत स्टोव्हवर खिचडी शिजवून जगत असेल. बस स्टँडपासून त्याच्या घरापर्यंतचं अंतर जेमतेम दहा मिनिटांचं, ते चालायला आम्हाला तास लागला. भाजीवाली थांबवते, चर्चचा धर्मगुरू थांबवतो, मोटारसायकलवाला गाडी उभी करून हात मिळवतो. प्रत्येकजण 'म्झे, म्झे' करत. दादा मला पुढे करून स्वाहिलीत सांगायचा, हा माझा भाऊ, शिक्षक आहे, याने लूम निवडले. आणि लोक माझा हात दोन्ही हातांत घ्यायचे. भिवंडीत ज्याचं नाव कुणाला माहीत नव्हतं, त्याला इथे रस्ता ओलांडायलाही वेळ लागत होता.

लूम सुरू व्हायच्या दिवशी शेडमध्ये गर्दी होती. कारखान्यातल्या अकरा बायका, त्यांची घरची माणसं, शेजारच्या शाळेच्या मुख्याध्यापिका. वांजिरूने नारळ फोडला. कसा फोडायचा ते दादाने आदल्या दिवशी शिकवलं होतं. मग एकेक करत सहाही लूम सुरू झाले. पत्र्याचं छप्पर थरथरायला लागलं. बायका टाळ्या वाजवत होत्या, कुणीतरी गात होतं. दादा मात्र टाळ्यांकडे, गाण्याकडे बघत नव्हता. तो माझ्याकडे आला. तोवर त्याचे कान पार गेले होते, हे मला तेव्हा समजलं. माझ्या खांद्यावर हात ठेवून, माझे ओठ दिसतील असा समोर उभा राहून त्याने विचारलं, "बाल्या, आवाज बरोबर हाय ना?"

मी डोळे मिटून ऐकलं. सहाच्या सहा. एकही लांबत नव्हता, एकही धापा टाकत नव्हता.

"बरोबर हाय, दादा," मी म्हणालो. "सगले बरोबर हायेत."

चाळीस वर्षांनी माझ्या तोंडून आमच्या गावची बोली निघाली होती. त्याने माझ्या पाठीत असा धपका घातला की चष्मा खाली पडला.

त्यानंतर दादा तेरा वर्षं जगला. खऱ्या अर्थाने म्हातारा झाला: काठी आली, मोतीबिंदू झाले, एकदा खुबा मोडला. तेव्हा पाणी कोण देईल, या माझ्या प्रश्नाचं उत्तर मला मिळालं. अकरा बायकांनी पाळ्या लावल्या होत्या, आणि पाळीवरून त्यांच्यात भांडणं व्हायची. पुढे सहाचे चौदा लूम झाले. त्या भागातल्या शाळांची मुलं त्यांनी विणलेल्या कापडाचे गणवेश घालून वर्गात बसतात. शेवटच्या आठवड्यातही तो सकाळी शेडमध्ये जाऊन खुर्ची टाकून बसला होता. नैरोबीच्या स्मशानात त्याला पोचवायला दोन बस भरून माणसं गेली. मी ते फोनवर पाहिलं. अग्नी वांजिरूने दिला. मीच तिला तसं सांगितलं होतं.

मागच्या पंधरवड्यात ती अस्थी घेऊन भिवंडीला आली. गणेशपुरीजवळ तानसा नदीत आम्ही त्या सोडल्या. दादा लहानपणी जिथे पोहायचा त्याच पाण्यात. पुजारी तिच्याकडे बघतच राहिला, कारण मंत्र झाल्यावर तिने त्याला अस्सल गावठीत विचारलं, "आता हात जोरू ना?" दुसऱ्या दिवशी म्हणाली, काका, कामतघरला जाऊ. कारखान्याला आणखी आठ लूम हवेत.

सलीमभाईंनीही आता ऐंशी ओलांडलीय. तरी नातवाच्या खांद्यावर हात ठेवून आले. वांजिरू शेडमध्ये शिरली. लूम सुरू केल्यावर ती आवाज ऐकायला थांबली नाही. सरळ पुढे गेली, लूमच्या लोखंडी चौकटीवर उजवा तळवा टेकला आणि मान जराशी डावीकडे कलती करून उभी राहिली. दादाच्या कानांनी साथ सोडल्यापासून तो असाच उभा राहायचा, हाताने ऐकायचा. तिचे कान उत्तम आहेत. तिला हात टेकायची काहीच गरज नव्हती. मी सलीमभाईंकडे पाहिलं. त्यांनी टोपी काढून हातात घेतली होती.

आठ लूम तिने तसेच हात टेकून निवडले. निघता निघता कोपऱ्यात धूळ खात पडलेल्या एका जुनाट लूमपाशी ती थांबली. मालक म्हणाला, "अहो बाई, तो सोडा, त्याचं वय झालंय. उद्या भंगारवाला येतोय." वांजिरूने तो चालू करायला लावला, चौकटीवर तळवा टेकला, मान कलती केली. मग कालच दुकानातून घेतलेल्या साडीच्या पदराने तिने चौकटीवरची धूळ पुसली.

"म्हातारा झालाय, पन चालंल," ती म्हणाली. "ह्याला बी नेऊ, काका. इथं बसून काय करल तो?"