मोरकीची घंटा

श्रीपादराव कोरान्ने यांनी नोकरीची तेहतीस वर्षं चरनोई रंगवण्यात काढली. जमिनीच्या नोंदींच्या कचेरीत ते नकाशे काढत. गावच्या गुरांसाठी राखून ठेवलेलं गवताचं रान, म्हणजे चरनोई, नकाशात फिकट हिरवं करायचं असे, आणि त्यांचा हिरवा रंग कधी रेघेबाहेर गेला नाही. पण चरनोई दिसते कशी, हे निवृत्त होईपर्यंत त्यांनी पाहिलं नव्हतं. मुलाने, राजसने, नवा कॅमेरा घेतला तेव्हा जुना त्यांच्या गळ्यात घातला. एक दिवस स्कूटरवरून ते शहराबाहेर, नानाखेड्याच्या पुढे गेले, मोठा रस्ता सोडून आत वळले, तर समोर ती पसरलेली होती. झाड नाही, तार नाही. कमरेएवढं गवत वाऱ्याबरोबर कुशी बदलत होतं आणि आभाळ थेट जमिनीला येऊन टेकलं होतं. शहरात, फ्रीगंजमधल्या घराच्या गच्चीवरून त्यांना दिसायचं ते पाण्याच्या टाक्यांमधलं आभाळ, तुकड्या-तुकड्यांचं.

तेव्हापासून आठवड्यातून दोन-तीनदा ते जाऊ लागले. माणसांचे फोटो त्यांना जमत नसत. 'इकडे बघा' म्हणायचाच संकोच वाटे. गुरांना काही म्हणावं लागत नाही.

तिथे भेरूलालशी ओळख झाली. सत्तरी ओलांडलेला, गावातली वीस-बावीस गुरं चारणारा माणूस. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. ऑपरेशनचं नाव काढलं की विषय बदलायचा.

"दिखता कम है, तो इतने जानवर सँभालते कैसे हो?" श्रीपादरावांनी एकदा भीत भीत विचारलं.

"सुनता हूँ, बाबूजी," भेरूलाल हसला. "सब मोरकी के पीछे चलते हैं, और मोरकी बोलती रहती है."

मोरकी ही कळपातली म्हातारी पांढरी गाय, आणि बोलायची ती तिच्या गळ्यातली घंटा. भेरूलालच्या वडिलांच्या वेळची, ओबडधोबड, लोखंडी, आता निळ्या नायलॉनच्या दोरीत ओवलेली. तिचा आवाज गोड म्हणण्यासारखा नव्हता. रिकाम्या डब्यावर कुणी पळी मारावी तसा. पण गवत वाढलं की म्हाताऱ्याचे डोळे म्हणजे तो आवाज.

श्रावण सरता सरता एका संध्याकाळी भेरूलाल रस्त्याकडच्या हातपंपावर पाणी प्यायला गेला होता. मोरकी टेकाडावर एकटी उभी होती. तिच्या मागे ढग असे चढले होते की श्रीपादरावांनी तसे कधी पाहिले नव्हते. खालून जांभळे, वरून सोन्याचे. त्यांनी कॅमेरा डोळ्याला लावला आणि त्यांचं मन खट्टू झालं. पांढऱ्या मानेवर ती निळी दोरी. सगळ्या चित्रात तेवढीच एक गोष्ट बाजारातून आणल्यासारखी.

पाच मिनिटांचं काम, असं ते स्वतःशी म्हणाले. खिशात गुळाचा खडा होता, तो त्यांनी मोरकीला दिला. ती गूळ चघळत असताना दोरीची घट्ट गाठ नखांनी कशीबशी सोडली. घंटा वाजू नये म्हणून कॅमेऱ्याच्या फडक्यात गुंडाळून बॅगेत ठेवली. मग मागे सरकून फोटो घेतले, चाळीसएक तरी. शेवटचे काही घेताना थेंब पडू लागले. कॅमेरा भिजेल म्हणून त्यांची त्रेधा उडाली. बॅग छातीशी धरून ते स्कूटरकडे धावले. जाताना हातपंपापाशी भेरूलाल दिसला, तेव्हा त्यांनी हात हलवला. त्याला तो दिसला नाही, हे उघडच होतं.

घंटा सापडली ती तिसऱ्या दिवशी, बॅग उघडल्यावर.

लगेच निघायचं म्हणून त्यांनी चपला घातल्या. मग खुर्चीत बसले. तिथे जाऊन म्हणायचं काय? 'तुमच्या गाईची घंटा मी काढली, कारण ती फोटोत बरी दिसत नव्हती.' हे वाक्य त्यांनी मराठीत जुळवून पाहिलं, हिंदीत जुळवून पाहिलं. कुठल्याच भाषेत ते भल्या माणसाचं वाटेना. उद्या जाऊ, असं ठरलं. उद्या गुडघा दुखला. परवा पाऊस होता. त्याने दुसरी बांधली असेलच की, असंही मनाने एकदा सांगून पाहिलं. घंटा कपाटात, जुन्या नकाशांच्या मागे गेली, आणि आठवड्यातून दोन-तीनदा नानाखेड्याकडे जाणारी स्कूटर जागची हलेनाशी झाली.

तोवर गणपती आले. मराठी मंडळात दरवर्षी हौशी लोकांच्या फोटोंचं प्रदर्शन लागायचं. मंडळाचे चिटणीस प्रसाद घरी येऊन मोरकीचा फोटो घेऊन गेले, आणि त्याला 'मुक्त' हे नावही त्यांनीच दिलं. पहिला नंबर आला. श्रीपादरावांना स्टेजवर बोलावलं, नारळ दिला.

"मानेला दोरीसुद्धा नाही, बघा," शेजारच्या सुमनताई दहा जणांना दाखवत होत्या. "कुणाचं बंधन नाही! श्रीपादभाऊ, अशी गाय मिळाली कुठे आपल्याला?"

"मिळाली... म्हणजे तिथेच होती," श्रीपादराव म्हणाले आणि नारळाची शेंडी सरळ करत राहिले. हॉल हसला. किती विनयशील माणूस, असं कुणीतरी म्हणालं.

दुसऱ्या दिवशी त्यांची बायको विजयाबाई कपाट आवरायला बसल्या. फडकं सुटलं आणि घंटा फरशीवर पडून घणघणली.

"ही आपल्या देवघरातली नाही," त्या म्हणाल्या.

श्रीपादरावांनी मान खाली घालून सगळं सांगितलं.

"नकाशात रेघ हलली तर दोन घास जेवत नव्हतात तुम्ही! आणि ज्याला डोळ्यांनी दिसत नाही अशा माणसाची घंटा उचलून आणलीत?"

"उचलली नाही गं. राहिली."

"एक दिवस राहते. वीस दिवस राहत नाही." त्यांनी घंटा पदराने पुसून त्यांच्या पुढ्यात ठेवली. "उद्या सकाळी जाल, का मी जाऊ?"

सकाळी ते गेले. गवत आता छातीला लागत होतं. टेकाडावर गुरं नव्हती, भेरूलालही नव्हता. विचारत विचारत ते त्याच्या घरी पोचले. दारापुढे खाटेवर भेरूलाल दोरी वळत बसला होता. मोरकी खुंट्याला बांधलेली. मांगीलाल, त्याचा मुलगा, गुरांपुढे चारा टाकत होता. सून आत चुलीपाशी.

"राम-राम," श्रीपादराव म्हणाले.

"कौन, फोटूवाले बाबूजी? बहुत दिन में आए!" भेरूलाल आवाजाच्या दिशेने सरकला, खाटेवर जागा केली. "अब मैं नहीं जाता चराने. रिटायर कर दिया मुझे, आपके जैसा."

"घंटी गिरा दी इन्होंने," मांगीलाल म्हणाला. त्यात राग नव्हता, हेच वाईट होतं. "ढोर बिखर गए. रात तक हम ढूँढते रहे. गले से घंटी गिर गई और इनको पता तक नहीं चला! फिर आठ दिन घास टटोलते फिरे. हाथ देखो इनके."

श्रीपादरावांनी हात पाहिले. गवताच्या पात्यांनी बोटं चिरली होती, त्या रेघा आता वाळल्या होत्या.

"बाप की चीज थी," भेरूलाल एवढंच म्हणाला. "गाँठ मैंने ही ढीली बाँधी होगी."

श्रीपादरावांनी पिशवीतून घंटा काढली. ती वाजली आणि म्हाताऱ्याचे हात दोरीवर जागच्या जागी थांबले. चुलीपाशी सून उठून उभी राहिली. खुंट्याशी मोरकीने कान टवकारले. आणि त्या क्षणी, सगळे आपल्याकडे बघताहेत हे जाणवून, श्रीपादरावांच्या तोंडून निघून गेलं, "घास में मिली. अभी, आते-आते."

भेरूलालने घंटा दोन्ही हातांत घेतली, कानाशी नेली. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं.

"देखो!" मांगीलाल म्हणाला. "मैं क्या बोलता था? वहीं पड़ी थी और आठ दिन में इनके हाथ नहीं लगी. अब तो मानोगे, बापू? अब तुमसे नहीं होगा."

"हाँ," भेरूलाल हळूच म्हणाला. "अब नहीं होगा."

वीस दिवसांपूर्वी श्रीपादरावांनी घंटा नेली होती. आता त्यांनी उरलेलंही नेलं.

"गिरी नहीं थी," ते म्हणाले. आवाज इतका बारीक निघाला की मांगीलालने "क्या?" म्हणून विचारलं. "गिरी नहीं थी. मैंने खोली थी. फोटो के लिए. दोरी अच्छी नहीं दिख रही थी. मेरे बैग में रह गई, और फिर... फिर मुझे शर्म आई. गाँठ पक्की थी भेरूलालजी की. मुझसे खुलती नहीं थी."

मांगीलालच्या हातातला चारा हातातच राहिला.

"बाबूजी," भेरूलाल म्हणाला, "एक बार फिर बोलो. जरा जोर से. बहू अंदर है, उसको भी सुनना चाहिए."

आणि ज्या माणसाने जन्मात कधी वरच्या पट्टीत भाजीवाल्याला हाक मारली नव्हती, त्याने अंगणाच्या मध्यभागी उभं राहून ते सगळं परत सांगितलं. पलीकडच्या ओट्यावरच्या दोन बायकांनीही ऐकलं. सुनेने पदर तोंडाला लावला. हसायला की कशाला, ते त्यांना कळलं नाही.

"सुना?" भेरूलाल मुलाला म्हणाला. मांगीलालने हातातला चारा खाली टाकला. "गाँठ पक्की थी." श्रीपादरावांना तो ना बरं म्हणाला, ना वाईट. उठला, आणि मोरकीकडे चाचपत गेला.

घंटा बांधताना गाय हलू नये म्हणून कुणीतरी धरायला हवं होतं. श्रीपादराव पुढे झाले. मोरकीने त्यांना हुंगलं, ओळखलं, आणि आपली लांब, खरखरीत जीभ काढून त्यांच्या खिशापाशी गूळ शोधू लागली. मांगीलालचं बोलणं त्यांनी सोसलं होतं, म्हाताऱ्याचं न बोलणंही सोसलं होतं. हे मात्र सोसवेना. त्यांनी तोंड फिरवलं आणि दोन्ही हातांनी तिची मान घट्ट धरून ठेवली, गाठ पूर्ण बसेपर्यंत.

थोड्या वेळाने कळप निघाला. पुढे मोरकी, मागे काठी टेकत भेरूलाल, आणि जरा अंतर ठेवून मांगीलाल. गवतात आधी गाय दिसेनाशी झाली, मग माणसं. डब्यावर पळी मारल्यासारखा आवाज तेवढा बराच वेळ येत होता.

परतताना ते मंडळाच्या हॉलमध्ये थांबले. प्रसादना म्हणाले, फोटो काढून घ्या, त्यात चूक आहे. "कसली चूक? इतका सुंदर तर आहे!" प्रसाद म्हणाले. मग श्रीपादरावांनी खुर्ची ओढली, तिच्यावर चढले आणि फोटो स्वतःच उतरवला.

घरी विजयाबाई दारातच होत्या.

"दिलीत?"

"दिली."

"आणि बोललात का काही?"

"दोनदा," श्रीपादराव म्हणाले, आणि हातपाय धुवायला आत गेले.