माघारीचा शेवटचा दिवस

शाळेच्या मुलांची व्हॅन चालवणाऱ्या व्हॅनताई कोणाला घाबरत नसत. उशीर करणाऱ्या पालकांना, शिट्टी फुंकणाऱ्या पोलिसाला, वेळ पडली तर मुख्याध्यापकांनाही त्या चार शब्द सुनवायच्या. नाल्यावरचा पूल आला की मात्र गप्प. त्या पुलाचा एक कठडा कधीच वाहून गेला होता. ताई मुलांना खाली उतरवायच्या, हात धरून पलीकडे चालत न्यायच्या आणि मग परत येऊन रिकामी व्हॅन एकट्याने काढायच्या. मरायचंच झालं तर एकटीने मरावं, असा त्यांचा साधा हिशोब.

आमदारांनी दर निवडणुकीत नवा पूल कबूल केला आणि दर वेळी निवडून आल्यावर ते विसरले. शेवटी पालकच म्हणाले, ताई, तुम्हीच उभ्या राहा. ताई राहिल्या. आधी आमदारांनी हे हसण्यावारी नेलं. पण लोक ताईंच्या सभेला घरून खुर्च्या घेऊन यायला लागले, तेव्हा त्यांचं हसू मावळलं.

अर्ज मागे घ्यायच्या शेवटच्या दिवशी दुपारी ताईंचा धाकटा भाऊ दारात उभा राहिला. आई गेल्यावर ताईंनीच त्याला लहानाचा मोठा केला होता. आता तो आमदारांची गाडी चालवायचा आणि बायको-मुलांसह त्यांच्याच बंगल्यामागच्या खोलीत राहायचा. पाणीही न घेता, खाली बघत तो म्हणाला, "ताई, तीनच्या आत अर्ज मागे घ्यायचाय. नाही तर माझी नोकरी गेली, आणि खोलीही."

ताईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण भावाची कॉलर घामाने चिंब झाली होती, ओठ सुकले होते. याच्या पोरांना रस्त्यावर आणून कसला पूल बांधायचा? पालकांना काय तोंड दाखवायचं, ते त्यांना कळेना. तरी त्यांनी चपला घातल्या.

आमदारांच्याच गाडीतून दोघं निघाले. फोन वाजला तसा भाऊ म्हणाला, "हो साहेब, घेऊन येतोय." त्या आवाजातली अजिजी ऐकून ताईंना शिसारी आली. निवडणूक कचेरीचं फाटक दिसलं, बाहेरची गर्दी दिसली. गाडीचा वेग काही कमी झाला नाही.

"अरे, फाटक मागे राहिलं."

भावाने दारांना लॉक लावलं आणि हमरस्ता धरला. हा आपल्याला कुठे नेतोय? नात्याने भाऊ खरा, पण इतकी वर्षं ज्याचं मीठ खाल्लं त्याच्याच मिठाला जागला तर? कुठेतरी कोंडून घालतील, मारतील, नेम नाही. त्यांनी दोन्ही हातांनी दार ओढलं. थांब म्हणून ओरडून पाहिलं. फोन वाजत राहिला. भावाने तो उचलला नाही, मागे वळूनही पाहिलं नाही.

तीन वाजून गेल्यावर त्याने एका पेट्रोल पंपावर गाडी उभी केली.

"मी आणतो म्हटलं, म्हणून दुसरं कोणी तुझ्याकडे आलं नाही," तो म्हणाला. "भिंतीला कान असतात, पण ड्रायव्हरला नसतात असं साहेबांना वाटतं. मी नाही म्हणालो असतो तर ते कोणाला पाठवणार होते, ते मी ऐकलंय."

"मग मला सांगायचं नाही होय रे?"

"तुझ्या तोंडात तीळ भिजत नाही, ताई."

पंपावरच्या माणसाकडे गाडीची किल्ली देऊन दोघं रिक्षाने ताईंच्या घरी आले. पायरीवर भावजय बसली होती. बाजूला दोन्ही पोरं, गाद्यांची वळकटी, शेगडी, कुकर. तिने सकाळीच खोली रिकामी करायला घेतली होती. ती उठून उभी राहिली आणि चाचरत म्हणाली, "वन्सं, होईल ना आमची सोय?"

ताईंना रडू आवरेना. अर्ज कायम राहिला म्हणून ताई आनंदाने रडतेय असं भावाला वाटलं, आणि तो हसला. गाडीत आपल्या मनात काय आलं होतं, ते ताईंनी त्याला जन्मात कधी सांगितलं नाही.