गालिच्यावरचा लाल डाग शोधून दाखवा!

मैत्रिणींनो, आज मी जिंकले!

उद्या तान्हा पोळा, म्हणजे पोरांचा लाकडी बैलांचा पोळा. आमच्या ह्यांनी लेकीच्या बैलाची शिंगं रंगवायला घेतली. कुठं? अंगण सोडून, नणंदेनं दिलेल्या पांढऱ्या गालिच्यावर! ऑइल पेंटचा डबा कलंडला. आणि नणंद दुपारच्या गाडीनं बडनेऱ्याहून अकोल्याला आमच्याकडे यायला निघालेली!

हे ओलं फडकं घेऊन धावले. मी ओरडले, "अवो, घासू नका! पसरते ना तो!"

आधी चमच्यानं रंग उचलला. मग पांढऱ्या सुती कापडावर टर्पेंटाइन घेऊन नुसतं टिपत राहिले. कापड लाल झालं की दुसरं घेतलं. शेवटी भांड्याच्या साबणाचं कोमट पाणी, आणि वास जावा म्हणून पंखा.

नणंद आली ती गालिच्यावरच बसली. ह्यांनी चहाचा कप उचलला आणि तिची नजर बोटांवर गेली.

"दादा, बोटं काहून लाल तुह्ये?"

"बैलाचे शिंगं रंगवले."

"कुठं बसून?"

ह्यांनी कप तोंडाला लावला. बाईनं उठून, चष्मा लावून अख्खा गालिचा पालथा घातला. डाग सापडला नाही!

फोटो टाकला आहे. तिला जमलं नाही, तुम्हाला जमतं का बघा.