जांभळ्या दिव्याखालचे हात

आमच्या लॅबमधले किस्से कुणी लिहून ठेवत नाही, तरी ते साठतातच. टपरीवर एकाने सुरुवात केली की दुसरा म्हणतो, "थांब भो, तू अर्धाच सांगितलास," आणि चहा गार होतो.

सिल्वासात धाग्याच्या आणि प्लास्टिकच्या कारखान्यांच्या रांगेत आमचा एक गाळा आहे. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, इथे बाटल्यांची झाकणं बनत असतील. आत आम्ही चौघं. लॅब चालवणारे देसाईसर रत्नागिरीचे, भारतीताई नंदुरबारच्या, हितेश इथलाच, रांध्याचा, आणि मी चोपड्याचा. काम काय, तर कार्बनचे कण बनवायचे. इतके बारीक, की नुसतं पिवळट पाणी दिसतं, पण जांभळ्या दिव्याखाली धरलं की निळं चमकतं. या कणांना आम्ही कॅन्सरचं औषध चिकटवतो. कण रोगट पेशीत शिरले की औषध पोचतं आणि चमकण्यामुळे रोग कुठे आहे तेही दिसतं. अर्थात हे सगळं अजून काचेच्या डिशमध्ये.

*

हे कण आम्ही लिंबाच्या रसापासून करतो. पोलादी भांड्यात रस घालायचा, झाकण आवळायचं आणि भट्टीत तापवायचं. हितेशने हे घरी जाऊन सांगितलं. त्याची आई म्हणाली, "बेटा, एवढं शिकून तू लिंबं जाळतोस?"

दुसऱ्या दिवशी त्याच्या डब्यासोबत लिंबाच्या लोणच्याची बरणी आली. सोबत निरोप, साहेबांना सांग, हे न जाळता होतं.

सरांनी ती बरणी आठवड्यात संपवली.

*

देसाईसर म्हणजे हातमोजे. तो माणूस हातमोज्यांशिवाय साधी बाटली उचलणार नाही. एकदा हितेशने हातमोजे न काढता दाराची कडी धरली. सर म्हणाले, "मेल्या, आता ही कडी कोण धरणार? मी?" आणि अख्खं दार पुसायला लावलं.

त्यातूनच तो नियम निघाला. निघताना प्रत्येकाने जांभळ्या टॉर्चखाली हात धरायचे, कारण कण एकदा नखांच्या कडेला बसले की दोन-तीन दिवस निघत नाहीत. टॉर्च माझ्या ताब्यात. पहिल्याच संध्याकाळी हितेशचा शर्ट निळा पेटला. तो बाथरूमकडे पळाला आणि बनियनवर बाहेर आला, तर बनियनही निळं. आता हा रडतो की काय, असं मला वाटलं.

भारतीताई शांतपणे म्हणाल्या, "आईने कपड्यांची पावडर बदलली का रे?"

पांढऱ्या कपड्यांना झळाळी देणारी पावडर. तीही दिव्याखाली तशीच चमकते.

*

खंडेनवमीला आम्ही सगळ्या यंत्रांची पूजा करतो. भारतीताईंनी भट्टीला, मायक्रोस्कोपला आणि त्या पोलादी भांड्याच्या झाकणालाही हळदकुंकू लावलं. दसरा झाला आणि नंतरची पहिलीच बॅच दिव्याखाली हिरवट पिवळी चमकली. असा रंग आम्हाला कधीच मिळाला नव्हता. सरांनी पेढे मागवले. हितेशने तर आमचे कण तपासून बघणाऱ्या मुंबईच्या हॉस्पिटलला फोन करून सांगितलंसुद्धा.

भारतीताई पेढा हातात धरून भांड्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "सर, झाकण उघडताना माझी हळद आत पडली."

हळदही दिव्याखाली पिवळी चमकते. हॉस्पिटलला पुन्हा फोन करायचं काम सरांनी हितेशलाच दिलं. तेव्हापासून पूजा दाराच्या चौकटीची होते.

*

यापुढचं टपरीवर कुणी हसत सांगत नाही.

भारतीताईंचे मिस्टर राखोलीला धाग्याच्या कारखान्यात आहेत. आम्ही त्यांना दाजी म्हणतो. तोंडात तंबाखूची पुडी धरायची जुनी सवय. गालात आतून जखम झाली ती भरेना. सर एकदा त्यांना बघून म्हणाले, "उद्याच तपासून घ्या." रिपोर्ट आला तो तोंडाच्या कॅन्सरचाच.

रिपोर्ट घेतला त्या दुपारी ताई कामावर आल्या. त्या आठवड्यात आमच्या डिशमध्ये नेमक्या तोंडाच्या कॅन्सरच्याच पेशी होत्या. ताईंनी मायक्रोस्कोपला डोळा लावला. पेशी आमचे कण गिळून निळ्या चमकत होत्या.

"सर, या यांच्यासारख्याच आहेत का?"

सर म्हणाले, "ताई, या डिशमधल्या आहेत."

दुसऱ्या दिवशी डिशमधल्या जवळजवळ सगळ्या पेशी मेल्या होत्या. एरवी आम्ही टाळ्या वाजवल्या असत्या. त्या दिवशी कुणाला कुणाकडे बघवेना.

*

ताईंनी सरांना पहिल्यांदा विचारलं ते आमच्यासमोरच. "एक बाटली यांना दिली तर?"

सरांनी नीट समजावलं. हे अजून उंदरालाही दिलेलं नाही. लिव्हरचं काय होईल, किडनीचं काय होईल, कुणाला ठाऊक नाही. "ताई, हे अजून औषध नाही." ताईंनी मान हलवली आणि कामाला लागल्या.

नंतर दाजींची केमो सुरू झाली. पाण्याचा घोटही उलटून पडायचा. ताईंनी दुसऱ्यांदा विचारलं. या वेळी सर बाहेर जाऊन उन्हात उभे राहिले.

खरं सांगतो, तेव्हापासून मला बाटल्या ठेवायच्या फ्रिजची भीती वाटायला लागली. चावी चौघांकडेही होती.

*

औषध चढवलेल्या बाटल्या मुंबईच्या हॉस्पिटलला जायच्या होत्या. सकाळी हितेशने फ्रिज उघडला आणि तसाच उभा राहिला. "एक कमी आहे."

आम्ही कुणीच ताईंकडे बघितलं नाही, आणि ते त्यांना कळलं.

"टॉर्च काढ," ताई मला म्हणाल्या. हितेश हळूच म्हणाला, "रेहवा दे ना, भाई." पण ताईंनी लाईट बंद केला आणि हात पुढे केले. मी त्यांच्यावर टॉर्च धरला.

ताईंची बोटं पिवळी चमकली.

"सकाळी खिचडी टाकून आले," त्या म्हणाल्या. म्हणजे हळद. मी हितेशचे हात बघितले, माझे बघितले. काहीच नाही. मी टॉर्च बंद करणार तेवढ्यात ताई म्हणाल्या, "सरांचे राहिले."

सरांनी हातमोजे काढले आणि हात पुढे धरले. दहाही नखांच्या कडा निळ्या होत्या.

"काल तुम्ही सगळे गेल्यावर मी ती बाटली टाकाऊ केमिकलच्या कॅनमध्ये ओतली," सर म्हणाले.

हितेशच्या तोंडून निघून गेलं, "सर, हातमोजे?"

"नाही घातले. ते घालेपर्यंत थांबलो असतो, तर बाटली खिशात टाकून थेट दाजींकडे गेलो असतो." मग ते ताईंकडे वळले. "ताई, तुम्ही आणखी एकदा विचारलं असतंत, तर मी दिली असती."

अंधारात ताईंचा आवाज आला.

"मी आज विचारणारच होते, सर."