दर्याचा वाटा

समुद्राच्या काठावर जन्मला, समुद्रातलंच शिकायला साता समुद्रापलीकडे गेला आणि परत आल्यावर पाण्यात पाऊल घालीना. असा माझा धाकटा भाऊ भिकाजी. सरकारी मत्स्य खात्यात साहेब झाला, पण मासे बघायचे ते बाजारात आणि मोजायचे ते टेबलावर. 'मासळीचो साहेब आणि दर्याक भियता,' म्हणून लोक हसायचे. माझ्या तोंडावर हसायची कुणाची छाती नव्हती, माझी जीभ सगळ्या वाडीला ठाऊक. पण तो का भितो तेही वाडीला ठाऊक होतं, आणि तेच मला जास्त झोंबायचं.

पहिल्यापासून सांगते. अर्धवट ऐकून कुणी भलतं बोलायला नको.

आमची वाडी मालवणहून तारकर्लीच्या वाटेवर. आम्ही तीन भावंडं. थोरला बाबली, मधली मी मथुरा आणि धाकटा भिकू. वडील लवकर गेले, मागे आये एकटी. बाबली होडीवर जायला लागला म्हणून भिकू शाळेत राहिला, एवढं साधं गणित. मला त्याच वाडीत दिली, चार माड ओलांडले की माहेर, त्यामुळे माहेर माझ्या तोंडातून कधी सुटलंच नाही. बाबलीची बायको यशोदा शिरोड्याची. कमी बोलायची. आमच्या घरात एवढं कमी बोलणारं माणूस टिकलं कसं, याचंच मला नवल.

आमच्याकडे रापण ओढतात. लांबलचक जाळं होडीने समुद्रात गोल फिरवून आणायचं आणि दोन्ही टोकांच्या रशी सगळ्यांनी मिळून किनाऱ्यावरून ओढायच्या. ज्याचा हात रशीला लागला त्याला वाटा. म्हातारा असो, वाटसरू असो, वाटा म्हणजे वाटा. जुनी माणसं म्हणायची, दर्यालाही वाटा असतो. त्याने धरलेलं माणूस तुम्ही ओढून काढलंत, तर तो आपला वाटा तुमच्या घरातून घेतो. म्हणून आमचे लोक बुडत्याला काढत नसत असं नाही हां. काढायचे, आणि त्याच दिवशी दर्याला नारळ द्यायचे, गाऱ्हाणं घालायचे, की बाबा, ह्यो घे आणि आमच्या पोरांवर नजर ठेवू नको. नारळ दिला की हिशेब मिटला.

भिकू हुशार. मुंबईत शिकला, सरकारी शिष्यवृत्ती मिळाली आणि माशांचा अभ्यास करायला स्कॉटलंडातल्या एका बंदरावर गेला. गोव्यात अजून पोर्तुगीज होते, तेव्हाची गोष्ट. त्याची पत्रं मी वाचून दाखवायची, कारण घरात धड वाचता येणारी मीच. तिकडे सकाळी पेजच खातात म्हणे, ओटांची, मीठ घालून, पण सोबत ना लोणचं ना सुकी मासळी. शेगडीला नाणं घातल्याशिवाय खोली गरम होत नाही. बांगडा मिळतो, पण तिकडचे लोक त्याला हलका समजतात. यावर बाबली दिवसभर चिडून होता. आयेने धाडलेली तिरफळं घालून भिकूने बांगड्याचं तिखलं केलं, तेव्हा घरमालकीण म्हातारीने सगळ्या खिडक्या उघडल्या आणि मग वाटी घेऊन दारात उभी राहिली.

अभ्यास काय, तर माशाचं खवलं भिंगाखाली धरायचं. झाडाच्या खोडावर असतात तशी त्यावर वलयं असतात आणि त्यावरून माशाचं वय कळतं. शेकडो खवली, दिवसभर तेच. बाबली म्हणाला, "म्हातारो मासो चवीक वायट लागता. ह्या कळूक विलायतेक जावक व्हया?" पण रात्री त्याच पोराचं कौतुक चावडीवर सांगायला पहिला.

मग एक पत्र आलं. त्या बंदरावर बुडत्या होड्यांना वाचवणारी एक मोठी होडी होती. समुद्रात कुणी संकटात सापडलं की आकाशात बार उडायचा, आणि पाववाला, न्हावी, देवळातला पाद्री, असेल तो हातातलं टाकून किनाऱ्यावर धावायचा. पट्टीचे दर्यावर्दी होडीत बसायचे आणि बाकीच्यांनी रशी धरून ती पाण्यात लोटायची, परत आली की वर ओढायची. पगार नाही, वाटा नाही. भिकू एकदा तिथून चालला होता, कुणीतरी त्याच्या हातात रशी दिली. रापणीवर वाढलेले हात ते, त्यांना शिकवायला नको. ओढता ओढता तोंडून रापणीची हाक निघाली. गोरे आधी हसले, पुढच्या वेळेपासून त्याच हाकेवर ओढायला लागले. त्या हिवाळ्यात त्यांनी कितीतरी माणसं जिवंत आणली.

बाबलीने ते पत्र माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं. "माझो भाव थंयच्या दर्यातसून गोरे ओढून काढता," असं सगळ्या वाडीला सांगत सुटला. आये तेवढी चुलीपुढून म्हणाली, "नारळ दिल्यान मां?"

मी हसले. म्हटलं, "आये, थंय नारळ खंयचो?" आये हसली नाही.

त्याच वर्षी कार्तिकात वारा फिरला. बाबलीच्या होडीवरचे बाकीचे पोहत आले. बाबली आला नाही. चार दिवस सगळा किनारा धुंडाळला. शंकर, बाबलीचा मुलगा, तेव्हा एवढासा होता. बापाची वाट बघत वाळूत खेळायचा.

भिकूला तार केली. तो निघतो म्हणाला. यशोदेने मास्तरांकडून लिहवून घेतलं की येऊ नका, शिक्षण पुरं करा, ह्यांनी त्यासाठीच होडी ओढली. ती आयुष्यात एवढं लांब बोललेली मला ठाऊक नाही. तो राहिला. पुढच्या वर्षी पदवी घेऊन आला, तेव्हा आये दारापुढच्या खळ्यात बसली होती. तो पाया पडायला वाकला आणि आये म्हणाली, "थंयचे काढलंस. हंयचो गेलो. नारळ तरी दिल्लंस?"

एवढा शिकलेला माणूस. म्हणायचं होतं ना, की आये, हा खुळचटपणा आहे. वारा आला, होडी उलटली, दादा गेला. पण हा पठ्ठ्या मान खाली घालून म्हणतो, "थंय नारळ गावणत नाय, आये." झालं. गुन्हा कबूल केल्यासारखंच झालं ते. पुढच्या श्रावणात आये गेली, आणि ते बोलणं परत घ्यायला कुणी उरलं नाही.

त्यानंतर भिकू यशोदेच्या नजरेला नजर देईना. ती वाढायची, हा ताटाकडे बघून जेवायचा. लग्न कर म्हटलं तर उठून जायचा. शंकरला मालवणच्या शाळेत घातलं, पुस्तकं आणली, बूट आणले. पोरगं पुस्तकं वाळूत पुरून होडीवर पळालं. रक्तच तसं, त्याला भिकू काय करणार? शंकरची होडी बाहेर गेली की हा कचेरीत कागद पुढे घेऊन बसायचा आणि होडी परत आल्याचं कळेपर्यंत पान उलटायचा नाही. शिपायानेच सांगितलं मला.

एकदा माझ्या मागील दारी मी मासे साफ करीत होते, हा पायरीवर बसला होता. मी सुरू झाले. म्हटलं, "अरे, विलायतेत जावन काय शिकलंस? खवल्यार लिवलेला वाचतंस आणि आयेच्या तोंडातला एक वाक्य तुका पुसूक येणा नाय?"

तेव्हा त्याने मला दुसरी गोष्ट सांगितली. तार मिळाल्यानंतरची. रविवार होता, दुपारची वेळ, तो बटाटे सोलत बसला होता. आकाशात बार उडाला. घरमालकीण धावत आली, चल म्हणाली. हा म्हणाला, माका ताप आसा. तिने कपाळाला हात लावून बघितला. कपाळ थंड. तिने अंगावर कोट चढवला आणि ती म्हातारी स्वतः रशी ओढायला गेली. होडी संध्याकाळी रिकामी परत आली. ज्यांना आणायला गेली होती ते कुणीच मिळाले नाहीत.

"माझ्या एकट्याच्या हातान काय झाला असता, मथू? काय एक नाय," तो म्हणाला. "पण माका शंकर दिसत होतो. म्हटलंय, दर्यान दादाक घेतल्यान, आता झिलाक सोडूचो नाय. परत आयल्यार म्हातारेन माका गरम दूध दिल्यान. कोण काय बोललो नाय. ताच वायट."

मला त्याचा राग आला, खोटं कशाला बोलू. पण कीवही आली. मी मासे धूत राहिले.

मग ते पासष्ट साल. नारळी पुनव होऊन गेली होती, होड्या बाहेर पडल्या होत्या, शंकरचीही. दुपारी एकाएकी वारा सुटला. आचऱ्याकडची एक होडी किनारा गाठायला बघत होती, ती आमच्या डोळ्यांदेखत लाटांत उलटली. चार माणसं उलट्या होडीला धरून लोंबत होती. आमचे बाप्ये सगळे बाहेर, किनाऱ्यावर म्हातारे आणि आम्ही बायका. शिवा नावाचा एक पोर तापाने घरी राहिला होता, त्याने रापणीची रशी कमरेला बांधली आणि लाटांत घुसला. कसाबसा होडीपर्यंत पोचला, रशी होडीला बांधली. आता ओढायचं होतं.

ओढणारे कमी पडत होते. रशी हातभर यायची आणि लाटेबरोबर तेवढीच मागे जायची. भिकू कचेरीतून धावत आला होता, बूट घालून कोरड्या वाळूत उभा. अशी माणसं कशी ओढायची, कुठे उभं राहायचं, केव्हा थांबायचं, हे त्या किनाऱ्यावर त्याच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. मी ओरडले, "भिकू, हात लाव."

तो हलला नाही. "शंकर भायर आसा," म्हणाला. हळूच म्हणाला, पण सगळ्यांना ऐकू गेलं. रशीवरच्या दोन म्हाताऱ्यांचे हात सैल पडले, मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. प्रत्येकाचं कुणी ना कुणी बाहेर होतं.

यशोदा मागे माडाखाली उभी होती. विधवेने रापणीच्या रशीला हात लावायचा नाही, हा आमच्याकडचा नियम, आणि बाबली गेल्यापासून ती ओल्या वाळूपर्यंतसुद्धा कधी आली नव्हती. ती चालत आली, पदर खोचला आणि सगळ्यांच्या पुढे जाऊन रशी धरली. भिकूकडे न बघता म्हणाली, "झील माझो आसा. खंय आसा ता माका म्हायत आसा. भावजी, ओढा."

भिकू बुटांसकट पाण्यात आला. तिच्या मागे उभं राहून रशी धरली आणि इतक्या वर्षांनी त्याच्या तोंडून रापणीची हाक निघाली. मग आम्ही सगळ्यांनीच ओढलं. हातांची सालं गेली. चौघे आले, शिवाही आला. एकाच्या पोटात पाणी फार गेलं होतं, त्याला भिकूनेच पालथा घालून, पाठ दाबून शुद्धीवर आणलं.

नंतर माझ्या ध्यानात आलं, मी म्हटलं, "थांबा, नारळ घेवन येतंय."

यशोदेने माझा हात धरला. "बस हंय," म्हणाली. "शंकराच्या बापाशीन दर पुनवेक नारळ दिल्लो. दर्यान तेंका सोडल्यान? बस."

मी बसले. भिकूही बसला, तिच्यापासून जरा लांब. पाण्याकडे डोळे लावून. एकेक होडी परत यायला लागली. शेवटी, अंधार पडता पडता, शंकरची आली. उडी मारून उतरला आणि आमच्याकडे बघून म्हणाला, "आये, भूक लागली. सगळे असे कित्याक बसलासात? कोण मेलो काय?"

यशोदा उठली. त्याच्या टोपलीतले चार बांगडे निवडले आणि भिकूच्या पुढ्यात ठेवले. "रशी ओढलात. वाटो घेवा," म्हणाली, आणि त्या दिवशी पहिल्यांदा तिने त्याच्या तोंडाकडे सरळ बघितलं.

भिकू रडायला लागला. लहान पोरासारखा, हुंदके देऊन. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. म्हटलं, "आता कशाक रडतंस? झील इलो मां?"

"इलो," तो म्हणाला. "नारळ नाय दिल्लो, तरी इलो. म्हंजे दर्यो कोणाकडसून वाटो घेणा नाय."

"मगे बरा झाला मां ता?"

"दादा माझ्यामुळे गेलो नाय, ता बरा झाला," तो म्हणाला. "पण मगे मथू, त्या आयतवारा, थंय बार उडालो तेव्हा, मी घरात कित्याक बसलंय?"

मी त्याच्या पुढ्यातले चार बांगडे उचलले आणि साफ करायला बसले.